शहर मोजायचं असेल तर आधी त्यातून पायी फिरा, असं शिकवणारे प्रोफेसर मुंबई विद्यापीठात होते

स्वच्छ सर्वेक्षणाचा निकाल लागला की सोशल मीडियावर दरवर्षी धुरळा उडतो. इंदूरवाल्यांची कॉलर ताठ असते. २०१७ ते २०२३ या काळात त्यांनी सलग सात वेळा पहिला नंबर काढला, शेवटच्या वेळी तो सुरतसोबत वाटून घेतला इतकंच. पुणेकरांकडेही सांगायला एक पहिला नंबर आहे. २०१८ साली केंद्र सरकारने राहण्यायोग्य शहरांचा निर्देशांक काढला, १११ शहरांना मार्क दिले आणि पुणं पहिलं आलं. नवी मुंबई दुसरी, मुंबई तिसरी. तेव्हा निम्मं पुणं खूश झालं आणि उरलेलं निम्मं ट्रॅफिकमध्ये अडकून, हे मार्क नक्की दिले कुणी, असं विचारत बसलं.

शहरांना मार्क देण्याचा हा उद्योग आता जगभर चालतो. एक मोजमाप असतं स्पर्धेचं. म्हणजे शहर नोकऱ्या, गुंतवणूक आणि हुशार माणसं किती ओढून घेतं. दुसरं मोजमाप असतं टिकण्याचं. म्हणजे हे सगळं करताना शहर आपलं पाणी, हवा, जमीन आणि माणसं संपवून तर टाकत नाही ना. ही दोन्ही मापं एकाच तक्त्यात कशी बसवायची, यावर आजही मोठा खल चालतो.

पण मुळात शहर मोजायचं कशासाठी आणि कसं, हा प्रश्न एका माणसाने शंभर वर्षांपूर्वीच धसाला लावला होता. हा माणूस मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याने हिंदुस्थानातली सुमारे पन्नास शहरं आणि गावं पालथी घातली, इंदूरमध्ये भर दिवाळीत प्लेगच्या उंदराची मिरवणूक काढली आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग उभा केला.

त्याचं नाव पॅट्रिक गेडीस.

गोष्ट सुरू होते स्कॉटलंडमधून. २ ऑक्टोबर १८५४ रोजी बॅलटर नावाच्या गावात पॅट्रिकचा जन्म झाला. वडील सैन्यात होते. पुढे हे कुटुंब पर्थ गावाजवळ टेकडीवरच्या एका छोट्या घरात राहायला आलं. घराला बाग होती, मागे जंगल होतं आणि अंगणातून खालचं सगळं गाव, नदी, शेतं आणि लांबचे डोंगर एका नजरेत दिसायचे. उंचावरून आख्खा मुलूख बघायची ही सवय या पोराला लहानपणीच लागली आणि ती आयुष्यभर सुटली नाही.

शाळा संपल्यावर घरच्यांच्या इच्छेखातर त्याने बँकेत नोकरी धरली. दीड वर्ष काढलं आणि सोडून दिली. मग एडिंबरा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकायला गेला आणि आठवडाभरात तिथूनही बाहेर पडला. वाळवून कागदाला चिकटवलेल्या झाडपाल्याचा अभ्यास त्याला नको होता, जिवंत झाड कसं जगतं ते बघायचं होतं. शेवटी तो लंडनला गेला आणि थॉमस हक्सली यांच्या हाताखाली शिकायला लागला. हक्सली म्हणजे डार्विनचा सिद्धांत भर सभांमध्ये लढवणारा माणूस. लंडनच्याच एका प्रयोगशाळेत खुद्द डार्विनचीही त्याच्याशी गाठ पडली होती.

म्हणजे पोरगा मोठा जीवशास्त्रज्ञ होणार, हे जवळपास ठरलं होतं.

पण १८७९ साली गेडीस मेक्सिकोला नमुने गोळा करायला गेले आणि तिथे त्यांची दृष्टी गेली. डोळ्यांना उजेड सहन होईना. डोळ्यांवर पट्टी बांधून कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत बसून राहावं लागलं. पंचविशीतला माणूस, सूक्ष्मदर्शकावर ज्याचं सगळं करिअर उभं राहणार होतं, तो आंधळा होऊन बसला.

त्या अंधारात त्यांनी एक नवा चाळा शोधला. खिडकीच्या चौकटी हाताने चाचपडताना त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक चौकोनात एक एक विषय ठेवला तर त्यांचे आपसातले संबंध मनातल्या मनात मांडता येतात. पुढे ते कागदाला घड्या घालून असे चौकोन करायचे आणि त्यात विचार भरायचे. त्याला ते विचार करायचं यंत्र म्हणायचे. आज ऑफिसात एक्सेलचा तक्ता उघडून आडव्या ओळीत एक गोष्ट आणि उभ्या रांगेत दुसरी लिहितात, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की गेडीस यांना चौकोनातल्या आकड्यापेक्षा दोन चौकोनांमधल्या नात्यात जास्त रस होता.

दृष्टी परत आली, पण डोळे नाजूकच राहिले. सूक्ष्मदर्शकावर तासनतास बसणं आता जमण्यासारखं नव्हतं. मग गेडीस यांनी अभ्यासाला दुसरा जीव निवडला. तो होता शहर.

त्याआधी फ्रान्समध्ये त्यांनी फ्रेडरिक ल प्ले या विचारवंताची मांडणी ऐकली होती. कुठलाही समाज समजून घ्यायचा तर तीन गोष्टी बघा, असं ती सांगायची. जागा कोणती आहे, तिथे काम काय चालतं आणि माणसं कशी राहतात. जागा, काम, माणसं. गेडीस यांना हे लगेच पटलं, कारण जीवशास्त्रात तरी वेगळं काय असतं? परिसर, त्यात जिवाची चाललेली धडपड आणि तो जीव. यातली एक गोष्ट बाजूला काढून उरलेल्या दोन समजत नाहीत.

१८८१ साली, म्हणजे वयाच्या सत्ताविशीतच, त्यांनी एडिंबराच्या रॉयल सोसायटीपुढे आकडेवारीवर एक निबंध मांडला. त्या काळी युरोपातली सरकारं ढिगाने आकडे गोळा करायला लागली होती. किती कापड विणलं, किती कोळसा निघाला, किती माणसं मेली. पण हे आकडे रचायचे कसे यावर एकमत नव्हतं. गेडीस यांनी सांगितलं की सुरुवात पैशापासून करू नका. आधी निसर्गातून काय घेतलं ते लिहा, मग ते काढताना, बनवताना आणि वाहून नेताना किती वाया गेलं ते लिहा आणि शेवटी माणसाच्या हातात खरोखर काय पडलं ते बघा. आज आपण ज्याला शाश्वत विकास म्हणतो, त्याच्या हिशोबाची ही वही होती. ती तेव्हा कुणी फारशी उघडून बघितली नाही.

निबंध लिहिणारे पुष्कळ असतात. गेडीस यांचं वेगळेपण पुढे दिसलं.

१८८६ साली त्यांचं ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झालं. ॲना लिव्हरपूलच्या एका सुखवस्तू व्यापाऱ्याची मुलगी. नवरा प्राध्यापकी करणारा म्हटल्यावर चांगल्या वस्तीत घर घेता आलं असतं. पण हे जोडपं राहायला गेलं एडिंबराच्या जुन्या शहरात, जेम्स कोर्ट नावाच्या वाड्यात. जुनं शहर म्हणजे तेव्हा अंधाऱ्या, गळक्या, उंच इमारती, एकेका खोलीत कोंबलेली कुटुंबं आणि जिन्यात साठलेली घाण. श्रीमंत लोक केव्हाच नव्या शहरात निघून गेले होते.

या दोघांनी तिथे काय केलं? आधी आपलं घर साफ केलं. मग शेजाऱ्यांना गोळा करून भिंतींना चुना लावला, खिडक्यांत फुलझाडं ठेवली. एखादी पडकी इमारत पाडून तिथे बाग केली, शेजारच्या चांगल्या इमारतींना हात न लावता त्यांची डागडुजी केली. विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं काढली म्हणजे शिकलेली माणसं पुन्हा या वस्तीत राहायला येतील. सगळी वस्ती भुईसपाट करून नवी बांधण्यापेक्षा हे काम स्वस्त होतं आणि त्यात कुणी बेघर होत नव्हतं.

१८८८ साली त्यांना डंडीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचं प्राध्यापकपद मिळालं. ही नोकरी म्हणजे लॉटरीच होती. वर्षातून फक्त उन्हाळ्याच्या सत्रात शिकवायचं, उरलेलं वर्ष मोकळं. हे पद त्यांनी ३० वर्षं सांभाळलं आणि मोकळा वेळ सगळा शहरांवर खर्च केला.

१८९२ साली त्यांनी एडिंबराच्या किल्ल्याजवळचा एक जुना मनोरा ताब्यात घेतला. त्याच्या टोकावर आरसा आणि भिंगं बसवलेली अंधारी खोली होती, तिथे पांढऱ्या टेबलावर आख्ख्या शहराचं हलतं चित्र पडायचं. गेडीस पाहुण्यांना आधी तिथे न्यायचे. मग एकेक मजला उतरत खाली आणायचे. पहिल्यांदा एडिंबरा शहराचा मजला, त्याखाली स्कॉटलंडचा, त्याखाली इंग्रजी बोलणाऱ्या देशांचा, मग युरोपचा आणि तळाला जगाचा. नकाशे, चित्रं, तक्ते यांनी प्रत्येक मजला भरलेला. आपलं शहर जगाशी कुठे जोडलेलं आहे, हे शाळकरी पोरालाही कळावं असा हा कारखाना होता. जगाचा विचार करा पण काम आपल्या गल्लीत करा, या अर्थाचं एक वाक्य आज गेडीस यांच्या नावावर खपवलं जातं. तसं वाक्य त्यांनी पुस्तकात लिहिलेलं नाही. पण हा मनोरा बघितला तर ते त्यांना का चिकटलं हे समजतं.

तोवर इंग्लंडमध्ये शहरं मोजायला सुरुवात झाली होती. चार्ल्स बूथ यांनी लंडनच्या एकेका रस्त्याला तिथल्या गरिबीप्रमाणे रंग देऊन नकाशे काढले होते, सीबोम रौंट्री यांनी यॉर्क शहरातली गरिबी मोजली होती. गेडीस यांना या कामाबद्दल आदर होता. पण त्यांचं म्हणणं होतं की गरिबीचा रंग कळला म्हणजे शहर कळलं असं नाही. त्या गल्लीतल्या लोकांचं काम काय, ते इथेच का आले, पाणी कुठून येतं, जुनी मंडई कुठे भरायची, हे कळल्याशिवाय उपाय सुचणार कसा?

हीच पद्धत त्यांनी आयुष्यभर मांडली. आराखडा नंतर, पाहणी आधी. डॉक्टर जसा नाडी बघितल्याशिवाय औषध देत नाही, तसं. १९१५ साली आलेल्या त्यांच्या सिटीज इन इव्होल्यूशन या पुस्तकात शहराच्या पाहणीत काय काय असावं याची यादीच आहे. जागेची घडण, माती, हवामान, पाणी. रस्ते आणि दळणवळण. उद्योग आणि व्यापार. लोकसंख्या, तिचे धंदे, आरोग्य, दाटी आणि सुबत्ता कुठे किती पसरली आहे ते. मग शहराचा इतिहास आणि आजची स्थिती. आजच्या कुठल्याही निर्देशांकाचे रकाने काढून बघा, यातलेच बरेचसे निघतील. एकमेकांत मिसळत जाणाऱ्या शहरांच्या पुंजक्यासाठी इंग्रजीत जो कॉनर्बेशन शब्द आहे, तोही याच पुस्तकातून रूढ झाला.

पण स्वतःच्या देशात त्यांचे आराखडे फारसे कुणी स्वीकारले नाहीत. डनफर्मलिन हे पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगींचं जन्मगाव. कार्नेगींनी गावाच्या भल्यासाठी मोठी रक्कम दिली, तेव्हा ट्रस्टने गेडीस यांच्याकडून बागेचा आराखडा मागवला. गेडीस यांनी बागेसोबत आख्ख्या गावाचाच विचार करून १९०४ साली जाडजूड अहवाल दिला. ट्रस्टने तो बाजूला ठेवला.

मग आलं १९१४ साल. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी गेडीस यांना हिंदुस्थानात बोलावलं. सोबत त्यांचं शहरांविषयीचं प्रसिद्ध प्रदर्शनही यायचं होतं. जगभरच्या शहरांचे नकाशे, चित्रं, फोटो असा वर्षानुवर्षं जमवलेला खजिना. गेडीस एका जहाजाने निघाले, सामान दुसऱ्या जहाजाने. तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलेलं होतं आणि हिंदी महासागरात एमडेन ही जर्मन युद्धनौका धुमाकूळ घालत होती. मद्रासवर तोफा डागणारी तीच ही एमडेन. तिने सामानाचं जहाज बुडवलं.

आयुष्याची जमा समुद्राच्या तळाशी गेली. दुसरा कुणी असता तर परतीचं तिकीट काढलं असतं. गेडीस यांनी मायदेशी मित्रांना कळवलं, त्यांनी धावपळ करून नवं सामान जमवून पाठवलं आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासला प्रदर्शन भरलंसुद्धा.

त्यानंतर गेडीस हिंदुस्थानात जे रमले ते रमलेच. मद्रास इलाखा, मुंबई इलाखा, बडोदा, लखनौ, लाहोर, ढाका, कलकत्ता. साठीचा, दाढी विस्कटलेला हा गोरा माणूस भर उन्हात गल्लीबोळांतून पायी हिंडायचा. विहिरी कुठे आहेत, पिंपळाचा पार कुठे आहे, कुठली जागा उकिरडा झाली आहे, कुठलं पडकं घर काढलं तर वारा खेळेल, हे सगळं नकाशावर टिपायचा.

ही पायपीट का महत्त्वाची होती, हे समजायला तेव्हाची परिस्थिती बघावी लागते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दोन वर्षांनी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्या फोडून रुंद रस्ते काढायला सुरुवात झाली. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड ही त्यातली नावं. कागदावर हिशोब सरळ होता. दाटी जास्त, मृत्यू जास्त, म्हणजे वस्ती वाईट, म्हणजे पाडा. पण ज्यांची घरं गेली ती माणसं हवेत विरली नाहीत. कामाची जागा जवळ हवी म्हणून ती शेजारच्या वस्तीत शिरली. एका ठिकाणची दाटी कमी झाली, दुसऱ्या ठिकाणची वाढली. इतर शहरंही हाच कित्ता गिरवत होती.

गेडीस यांचा सगळा विरोध इथे होता. आकडा आजार दाखवतो, उपाय सांगत नाही, ही त्यांची धारणा होती. पट्टीने आखलेला रस्ता शंभर घरं पाडतो. तोच रस्ता थोडा वळवला, चार पडकी घरं काढली, मोकळ्या जागेत एक झाड लावलं तर तेवढीच हवा मिळते आणि पैसेही कितीतरी कमी लागतात. या पद्धतीला ते जपून केलेली शस्त्रक्रिया म्हणायचे. ठिकठिकाणच्या इंजिनिअरांचे आराखडे घेऊन त्यांनी शेजारी आपला आराखडा ठेवला आणि किती घरं वाचतात, किती खर्च वाचतो ते दाखवून दिलं.

तलावांचंही तसंच. डास होतात म्हणून आरोग्य खातं गावोगावचे तलाव बुजवायला निघालं होतं. गेडीस यांनी विचारलं की तलाव बुजवला तर विहिरींचं पाणी कुठून येणार, उन्हाळ्यात हवा गार कशी राहणार? तलाव साफ करा, त्यात मासे आणि बदकं सोडा, ती डासांच्या अळ्या खातील, असा त्यांचा तोडगा होता. पावसाळ्यात तुंबणारी आपली आजची शहरं बघितली की त्यांच्या म्हणण्यातलं वजन कळतं.

या धावपळीतच १९१७ हे साल उजाडलं. गेडीस यांचा थोरला मुलगा ॲलस्टर वडिलांसोबत हिंदुस्थानात येऊन प्रदर्शनाचं काम करून गेला होता. मग तो युद्धावर गेला आणि फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. तार आली तेव्हा ॲना इथेच तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. गेडीस यांनी ती बातमी त्यांना सांगितलीच नाही. मुलाची जुनी पत्रं काढून ते बायकोला वाचून दाखवत राहिले, जणू ती नुकतीच आली आहेत. त्याच वर्षी जून महिन्यात ॲनाही गेल्या. मुलगा गेल्याचं त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

तीस वर्षं गळक्या वाड्यापासून सगळ्या कामात बरोबरीने राबलेली बायको आणि ज्याच्यावर वारसा सोपवायचा तो मुलगा, दोघं एकाच वर्षात गेले.

याच काळात गेडीस यांच्या हातात इंदूरचं काम होतं. होळकरांचं संस्थान, शहरात प्लेग. साफसफाईचे हुकूम काढून लोक ऐकत नव्हते. गोरा साहेब हातात नकाशा घेऊन गल्लीत हिंडतो म्हणजे घरं पाडायला आला, अशी लोकांना भीती. लोक त्यांच्याकडे बघून शिव्या देतात, हे गेडीस यांच्याही लक्षात आलं होतं.

तेव्हा त्यांनी महाराजांकडे अजब मागणी केली. एका दिवसापुरते सगळे अधिकार द्या.

मग गावात दवंडी पिटली गेली. यंदा दिवाळीत मोठी मिरवणूक निघणार. पण तिचा मार्ग नेहमीचा नसेल. ज्या रस्त्यावरची जास्तीत जास्त घरं साफ आणि दुरुस्त केलेली दिसतील, त्या रस्त्याने ती जाईल. झालं, गल्लीगल्लीत चुरस लागली. घराघरातून वर्षांचा कचरा बाहेर निघाला, हजारो गाड्या भरून गावाबाहेर गेला. उंदीर पकडले गेले. भिंती रंगल्या.

मिरवणुकीत पुढे हत्ती, घोडे, बँडबाजा. मग घाणीचा राक्षस आणि प्लेगचा भलामोठा उंदीर. त्यांच्या मागून आले शहराचे सफाई कामगार, स्वच्छ पांढरे कपडे घालून, गळ्यात हार, त्यांच्या गाड्या आणि बैलांची शिंगं रंगवलेली. ज्यांची सावलीही लोक टाळायचे, ती माणसं त्या दिवशी शहराचे शिपाई म्हणून मिरवली. त्यामागे इंदूर नगरीची देवी आणि नव्या शहराचा नकाशा, मग कारागिरांचे देखावे आणि शेवटी घरोघर वाटायला तुळशीची रोपं. रात्री राक्षस आणि उंदीर दोघांनाही आतषबाजीत जाळलं.

प्लेग ओसरला. त्याचा मोसमही तोवर संपत आला होता, त्यामुळे सगळं श्रेय मिरवणुकीला देता येत नाही आणि खुद्द गेडीस यांनाही ते मान्य होतं. पण शहरांची आपसात स्पर्धा लावून स्वच्छता होऊ शकते, हे इंदूरने सर्वेक्षणाच्या कितीतरी आधी बघितलं होतं. तिथे फक्त मार्क दिल्लीहून येत नव्हते. शेजारच्या गल्लीपेक्षा आपली गल्ली बरी, एवढंच माप होतं आणि ते प्रत्येकाला समजत होतं. १९१८ साली इंदूर दरबारला दिलेला त्यांचा दोन खंडांचा अहवाल त्यांच्या हिंदुस्थानातल्या कामात सर्वांत मोठा मानला जातो.

१९१९ साली मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू केला आणि पहिले प्राध्यापक म्हणून गेडीस यांना नेमलं. भारतात समाजशास्त्र शिकवण्याची ही अगदी सुरुवात होती. मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये या तरुणाने त्यांची व्याख्यानं ऐकली, मुंबई शहरावर निबंध लिहिला आणि शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेला. तेच पुढे विभागाचे प्रमुख झाले आणि भारतीय समाजशास्त्राचा पाया घालणारे डॉ. घुर्ये म्हणून ओळखले गेले. पण घुर्ये यांनी गुरूचा रस्ता धरला नाही. शहरापेक्षा जात, जमाती आणि संस्कृती हा त्यांचा विषय झाला.

याचं एक कारण खुद्द गेडीस होते. ते भन्नाट बोलायचे, पण दाढीत पुटपुटत. एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारायचे. लिहायचे त्याहून अवघड. एक काम संपायच्या आत दहा नवी सुरू करायचे. मुंबई विद्यापीठात त्यांनी स्वप्नं मोठी बघितली, पण वेळ बाहेरच्या कामातच जास्त गेला. त्यांचे सगळेच विचार टिकले असंही नाही. जे. आर्थर थॉमसन यांच्यासोबत १८८९ साली त्यांनी स्त्री-पुरुष भेदावर पुस्तक लिहिलं, त्यात बाई स्वभावतःच शांत आणि पुरुष धडपड्या असं जीवशास्त्राच्या आधाराने मांडलं होतं. पुढच्या पिढ्यांनी ते मोडीत काढलं. आणि हिंदुस्थानात त्यांचे मालक शेवटी गव्हर्नर आणि राजेमहाराजेच होते. साहेब खूश तोवर अहवाल चालायचा, साहेब बदलला की कपाटात जायचा. बहुतेक अहवालांचं तेच झालं.

तरी इथली मोठी माणसं त्यांना आपला मानायची. जगदीशचंद्र बोस यांचं चरित्र गेडीस यांनी १९२० साली लिहिलं. रवींद्रनाथ टागोरांशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि त्यांचा धाकटा मुलगा आर्थर टागोरांच्या श्रीनिकेतनमध्ये काम करून गेला.

१९२४ साली तब्येतीने साथ सोडली तेव्हा गेडीस मुंबई सोडून दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिएला गेले. स्वस्थ बसले असं नाही. १९२५ साली तेल अवीव शहराचा आराखडा त्यांनी केला. घरांच्या मधोमध बागा आणि गाड्यांच्या मुख्य रस्त्यांपासून वेगळ्या शांत गल्ल्या अशी त्याची रचना होती. त्यांच्या आराखड्यांपैकी खरोखर मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो हाच. २००३ साली युनेस्कोने तेल अवीवच्या त्या भागाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

सरदारकीचा मान त्यांनी पूर्वी एकदा नाकारला होता. १९३२ साली तो स्वीकारला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला माँपेलिएतच त्यांचं निधन झालं.

अमेरिकेत लुईस ममफर्ड नावाचा तरुण लेखक त्यांना इतका मानायचा की त्याने आपल्या मुलाचं नावच गेडीस ठेवलं. गेडीस यांचे विचार समजेल अशा भाषेत जगापुढे नेले ते प्रामुख्याने याच ममफर्ड यांनी. आणि १९४७ साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, जॅकलिन टिरविट यांनी त्यांच्या हिंदुस्थानातल्या अहवालांमधले निवडक भाग पुस्तकरूपात आणले. धूळ खात पडलेली ती कपाटं तेव्हा कुठे उघडली.

आज शहरांच्या यादीत नंबर लावताना तलाव किती, झाडं किती, नोकऱ्या किती, घरं किती हे सगळं मोजलं जातं. गेडीस यांच्या यादीत हे सगळं होतं. त्यांचं पुढचं काम मात्र निर्देशांकात येत नाही. आकडे काढून झाल्यावर ते तो कागद घेऊन त्याच गल्लीत परत जायचे आणि हे काढलं तर कोण बेघर होईल, हे ठेवलं तर कुणाला वारा मिळेल, याचा एकेका घरापुरता हिशोब करायचे. त्यामुळे पुढच्या वेळी तुमच्या शहराचा नंबर जाहीर झाला की शेअर करण्याआधी एक काम करता येईल. घराजवळची जुनी विहीर, तळं किंवा पार अजून जागेवर आहे का, ते एकदा चालत जाऊन बघून या.